काचेच्या पोटातली फुलं

शनिवारी, मी आता राहते त्या कॅरी गावच्या बाजारात एका टेबलावर भोपळ्याची फुलं मांडलेली दिसली. पिवळीजर्द, तोंडं मिटलेली, बर्फाच्या ट्रेवर ओळीने निजवलेली. ही फुलं अँटिऑक्सिडंट्सनी भरलेली आहेत, असं विकणाऱ्या बाईने पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं. माझ्यापुढच्या दोघींनी ते वाचलं, "वॉव" म्हणाल्या आणि एकेक डबा उचलला. मला सांगावंसं वाटलं, बाई गं, भरलेलं असणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगायची पदवी माझ्याकडे आहे, हौस राहिलेली नाही. अर्धा डझन मागितली, पिशवीत घालून गाडीत ठेवली आणि एसी लावून बसून राहिले.

दर जूनमध्ये हे असं होतं. फुलं बाजारात आली की चार वर्षांपूर्वीचा स्टेट कॉलेजचा, माझ्या युनिव्हर्सिटीच्या गावाचा, उन्हाळा येतो. गलबलून येतं, डोळे भरतात वगैरे लोक म्हणतात, तसलं काही मला होत नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात ना, मग गालाला बोट लावलं की बोट कळतं, गाल कळत नाही. त्या उन्हाळ्याला हात लावला की माझं तसंच होतं. म्हणून उगाच गहिवरून काही लिहिणार नाही. जे दिसतं ते लिहिते.

दिसतं ते असं. खिडक्या नसलेली लॅब, पाण्याची एक मोठी टाकी, आणि तिच्यात मंदपणे डुलत असलेल्या झाकणबंद काचेच्या बारा बरण्या. त्या बरण्या म्हणजे माणसाचं पोट. मी तेव्हा फूड सायन्समध्ये पीएचडी करत होते आणि माझा विषय होता खाण्याजोगी फुलं. माणसं सॅलडवर फुलं घालून खातात, त्या फुलांच्या रंगांत तब्येतीला चांगली अशी द्रव्यं असतात, हे आधीच माहीत होतं. प्रश्न होता, त्यातलं पचून आतड्यापर्यंत पोचतं किती. आता हे बघायला कुणाच्या पोटात शिरता येत नाही. म्हणून मग बरणी. फुलांची पूड टाकायची, आम्ल घालायचं, पेप्सिन हे पाचक द्रव्य घालायचं, अंगाच्या उष्णतेइतक्या कोमट पाण्यात तासभर हलत ठेवायचं. हा जठराचा भाग. मग खायच्या सोड्याचं पाणी घालून आंबटपणा मारायचा, पित्त घालायचं, आणखी दोन तास. हा आतड्याचा भाग. शेवटी गाळून घ्यायचं. गाळलेल्या पाण्यात जे उतरलं, तेवढंच शरीराच्या वाट्याला येऊ शकतं. बाकीचं साक्षात अमृत असलं तरी उपयोग शून्य.

जांभळ्या पँझीचं बघण्यासारखं असायचं. आम्लात पडली की लालचुटुक, अगदी खुशीत. सोडा पडला की निळी, मग हिरवट, आणि मग बघता बघता पार रंग उडालेली, उरलेल्या चहासारखी. पिवळ्या-केशरी नॅस्टर्शियमचं उलट. त्याचा पिवळा रंग मोठा चिवट, आम्लाला भीत नाही, सोड्याला भीत नाही, पण पाण्यात उतरायचं नाव घेत नाही. चोथ्याला धरून बसतो. पोटात जातो आणि कुणाला काही न देता जातो. मला हे फूल आवडायचं.

त्या फेब्रुवारीत एका सोमवारी दुपारी दादाचा सांगलीहून फोन आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. बाबांना हार्ट अटॅक आला होता, आयसीयूत होते, बोलत होते. "सुमे, लगेच नीघ," दादा म्हणाला. नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज चालू होतं, त्याच्या घुंईत मला नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून मी कॉरिडॉरमध्ये गेले. बाहेर बर्फ पडत होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "दादा, माझ्या व्हिसाचा शिक्का संपलाय रे. बाहेर पडले तर परत येता यायचं नाही."

असं मी ठरवलं नव्हतं. पण ते वाक्य माझ्या तोंडी अगदी तयार बसलं होतं, कारण त्या वर्षांत निम्मी पोरं तेच बोलत असायची. कुणाचा स्टॅम्पिंगला गेल्यावर पासपोर्ट अडकला, कुणाचं सेमिस्टर बुडालं. व्हिसा म्हटलं की समोरचा गप्पच व्हायचा. दादाही झाला. "असं होय," म्हणाला, "मग राहू दे. बघतो आम्ही." माझा शिक्का चांगला दोन वर्षं शिल्लक होता.

माझी मोठी परीक्षा दहा दिवसांवर होती, हे खरं. पण माझ्या प्रोफेसर, लिंडा, त्याच दिवशी म्हणाल्या होत्या, परीक्षा पुढे ढकलू, तू जा. माझी रूममेट पल्लवी, नागपूरची, ती तर लॅपटॉप उघडून बसली होती. "मी बुक करते यार तिकीट, तू फक्त पासपोर्ट नंबर सांग." मी म्हटलं, थांब जरा. मग मी सेंट्रिफ्यूज बघायला गेले. रोटर पूर्ण थांबेपर्यंत उभी राहिले, नळ्या काढल्या, लेबलं लावली, फ्रीझरमध्ये ठेवल्या. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी बाबा गेले.

मे महिन्यात आई आली. बोलावलं मी, पण सांगणं दादाचं होतं. "इथे ती काही खातच नाही. जरा वेगळ्या जागी आली तर बघ." मी मार्चमध्येच कागद पाठवले होते, यादी समोर ठेवून, एकेकावर टिक करत. बोलावण्याचं पत्र, युनिव्हर्सिटीचं पत्र, पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसाची झेरॉक्स. काय पाठवतेय हे बघायचं डोकं कुठे होतं.

आईला विमानतळावर बघितलं आणि आधी मला तिचा ब्लाउज दिसला. खांद्यावरून घसरत होता. एकीकडे सेफ्टी पिन लावली होती. आम्ही एकमेकींना भेटलो, म्हणजे तिने माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "बॅग जड आहे हं, चटण्या आहेत." बस एवढंच. स्टेट कॉलेजपर्यंतच्या रस्त्यावर तिने दोनदा विचारलं, अजून किती लांब.

तर त्या उन्हाळ्यात माझ्यापुढे एकच गोष्ट होती. आई मला विचारणार, का नाही आलीस. रोज सकाळी उठले की वाटायचं, आज विचारेल. आणि विचारलं की मी पुन्हा तेच व्हिसाचं सांगणार, की खरं सांगणार, हे मला माहीत नव्हतं. खरं सांगितलं तर आई आपल्याला कायमची गेली, असं पक्कं वाटायचं. ती विचारायची नाही. मे गेला, जून गेला. मूग गिळून बसणं म्हणतात ते आम्ही दोघी रोज एका टेबलावर समोरासमोर बसून करत होतो. बाकी तिच्या पोटात काही जात नव्हतं.

अर्धी पोळी, तीही पाण्याच्या घोटाबरोबर. वरणाची वाटी नुसती ढवळायची. "खा की गं," मी म्हणायचे. "खाल्लं की," ती म्हणायची. पल्लवी बिचारी लाडीगोडी लावायची, "काकू, माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी खाऊन तर बघा, माझ्या मॉमला पण अशी जमत नाही." आई हसायची, दोन घास घ्यायची आणि ताट घासायला उठायची. मी मनातल्या मनात हिशेब लावायचे, प्रथिनं किती गेली, लोह किती गेलं, त्यातलं अंगी किती लागेल. दिवसभर बरण्यांचं पचन मोजायचं आणि संध्याकाळी आईचं. दोन्हीकडे मी तेवढीच शांत असायचे. मला कुणी विचारलं असतं की तुला काय वाटतंय, तर मी तापमान सांगितलं असतं.

एकदा तिला लॅबमध्ये घेऊन गेले. घरी एकटी बसून भिंतीकडे बघते, त्यापेक्षा बरं. कॅम्पसच्या बसमधून ती खिडकीला चिकटून आली. लॅबमध्ये टाकीपाशी उभी राहिली.

"यातलं पोट कुठलं?"

"हेच. प्रत्येक बरणी एकेक पोट."

"बारा पोटं?" तिने वाकून बघितलं. "आणि हे पिवळं पाणी कसलं?"

"पित्त आहे."

"कुणाचं?"

सांगू नये हे मला कळायला हवं होतं. "डुकराचं," मी म्हणाले.

"अगं बाई!" तिने पदर तोंडाला लावला. "हात तरी धुतेस ना? आणि त्याच हाताने दिवा लावतेस घरी!" मग थोडा वेळ ती बघत राहिली. बरण्या डुलत होत्या. "यांना भूक लागते का गं?"

"नाही. भूक कशी लागेल?"

"बरंय मग," आई म्हणाली.

घरी आल्यावर तिने मला आंघोळीला पाठवलं. मी बाहेर आले तेव्हा ती कांदा चिरत होती आणि न बघता म्हणाली, "पण फुलं अशी कोरडी कोण खातं? हादग्याची फुलं काय, भोपळ्याची काय, जरा तेलावर परतल्याशिवाय फुलात राम नसतो." मी दुसऱ्या दिवशी नॅस्टर्शियमच्या बरणीत थेंबभर तेल टाकलं. पिवळा रंग, जो महिनाभर चोथ्याला धरून बसला होता, तो सुरसुर करत पाण्यात उतरला. मी धावत लिंडाबाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे कपाटातून तीन जुने पेपर काढून माझ्या हातात दिले. हा रंग तेलातच विरघळतो आणि तेल असलं तरच अंगी लागतो, हे साऱ्या दुनियेला ठाऊक होतं, आणि मीही पहिल्या सेमिस्टरला शिकले होते. विसरले होते. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आधीच वाचायचं ना."

जुलैमध्ये एका रविवारी तिला फुलांचा वाफा दाखवला. आमच्या अपार्टमेंटपासून चालत दहा मिनिटांवर ग्रीनहाउस, त्याच्या मागे उघड्यावर माझे चार वाफे, तीन नॅस्टर्शियमचे आणि एक पँझीचा. कुंपण नव्हतं, नुसत्या काठ्या आणि दोरी. नॅस्टर्शियम नुकती कळ्यांवर आली होती, कमळाच्या पानासारखी छोटी गोल पानं, मधे केशरी ठिपके. उमललेल्या दोन-चारांतलं एक फूल तोडून मी आईला खायला दिलं. "मुळ्यासारखं तिखट लागतंय," ती म्हणाली. मग दुसरं मागितलं. त्या उन्हाळ्यात तिने आपणहून काही मागितल्याची ही पहिली वेळ होती. वाफ्याच्या कडेला बसून ती बराच वेळ गवत उपटत होती. मी म्हटलं, राहू दे, माणसं आहेत त्याला. "बसून तरी काय करू," ती म्हणाली.

आता सांगलीत आमच्या कॉलनीत सकाळी फुलं तोडायची रीत होती, आणि ज्यांच्या घरी देव आहेत त्यांना मी ती समजावून सांगायला नको. साडेपाचला हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बायका निघतात. कुणाच्या कुंपणाबाहेर आलेली जास्वंद, कुणाच्या गेटावरचा मोगरा, बँकेच्या आवारातली कण्हेर. विचारायचं नसतं. देवासाठी तोडलेलं फूल ही चोरी नव्हे, हे आईला जितकं पक्कं माहीत होतं तितका तिला स्वतःचा फोन नंबरही माहीत नव्हता. फक्त कळ्या तोडायच्या नाहीत आणि झाड ओरबाडायचं नाही. वाफा दाखवताना हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. माझ्या डोक्यात तेव्हा काहीच येत नसे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वाफे पूर्ण फुलावर आले. माझ्या अख्ख्या कामाचा मुख्य सॅम्पल तो, सगळी फुलं एकाच सकाळी, दव सुकायच्या आत गोळा करायची. मी बर्फाचा डबा घेऊन साडेसहाला पोचले. वाफ्यात एक फूल नव्हतं.

ग्रीनहाउस सांभाळणारा म्हातारा कमरेवर हात ठेवून उभा होता. "हरणं," तो म्हणाला, "नक्की हरणं." स्टेट कॉलेजची हरणं कुख्यातच आहेत, लोकांचे ट्यूलिप फस्त करतात. मी वाकून बघितलं. एकही पान कुरतडलेलं नव्हतं. प्रत्येक देठ नखाने नीट खुडलेला. आणि सगळ्या कळ्या जागच्या जागी. कळ्या सोडून नुसती फुलं खाणारं हरीण अजून जन्माला यायचंय. मी त्याला म्हणाले, "हो, हरणंच असतील." आणि रिकामा डबा घेऊन घरी निघाले.

ओट्यावर मायक्रोवेव्हच्या शेजारी आईचे देव असायचे, एका स्टीलच्या ताटात. ते देव दिसत नव्हते. नुसतं केशरी, पिवळं, जांभळं. आणि बाजूला भिंतीला टेकवलेला बाबांचा फोटो, पेन्शनच्या पुस्तकातला मोठा करून घेतलेला, त्याच्यापुढे नॅस्टर्शियमची अख्खी रास. बाबा त्या राशीतून गळ्यापर्यंत वर आलेले. आई गॅसपाशी चहा करत होती.

"आई, ही फुलं?"

"तुमच्या त्या बागेतली. काय फुलली होती गं! कुणी तोडतच नाही इथे. कळ्यांना हात लावला नाही हं मी."

"बाग नाहीये ती!" माझा आवाज इतका चढला की पल्लवीने तिच्या खोलीचं दार उघडलं आणि परत लावून घेतलं. "माझा प्रयोग आहे तो! वर्षभराचं काम आहे माझं!"

"मला काय माहीत. देवालाच तर वाहिली."

"देवाला! याच्यासाठी थांबले होते मी इथे! बाबा तिकडे हॉस्पिटलमध्ये होते आणि मी याच्यासाठी थांबले. व्हिसाबिसा काही संपला नव्हता माझा. खोटं बोलले मी. कळलं?"

चहा उतू जायला आला होता. आईने गॅस बंद केला, कापडाने पातेलं उतरवलं, दोन कपांत गाळलं. मग म्हणाली, "माहितीये मला."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"मार्चपासून माहितीये. तू कागद पाठवलेस ना, त्यात तुझ्या व्हिसाची झेरॉक्स होती. तारीख होती त्याच्यावर. सव्वीस वर्षं शाळेत दाखल्यांवर तारखा लिहिल्या मी, सुमे. मला कागदावर आधी तारीख दिसते, नाव नंतर. दादाला दाखवलं नाही. पाकिटात परत घालून ठेवलं."

"मग विचारलं का नाहीस? तीन महिने झाले तुला येऊन!"

"विचारलं असतं तर तू काहीतरी सांगितलं असतंस. मग मला त्याचं काहीतरी वाटून घ्यावं लागलं असतं. राग तरी, नाहीतर वाईट तरी. एवढं अंगात नव्हतं माझ्या." तिने कप माझ्यापुढे सरकवला. "आता तूच सांगितलंस, तर सांग. का नाही आलीस? फुलांसाठी नव्हे. फुलं फेब्रुवारीत कुठली?"

खरंच, फेब्रुवारीत बर्फ होतं. मी खुर्चीत बसले. आणि जे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. म्हटलं, दादाचा फोन आला आणि मला काहीच वाटलं नाही, आई. भीती नाही, रडू नाही, काही नाही. वाटलं, थोड्या वेळाने वाटेल. नाही वाटलं. तिथे येऊन सगळ्यांसमोर कोरडी उभी राहिले असते, लोक बघतील, तू बघशील, बाबा बघतील. ते मला जमलं नसतं. अजूनही काही वाटत नाही. मी वाट बघतेय.

आईने फोटोकडे बघितलं. "मी तरी कुठे रडले," ती म्हणाली. "बायका येऊन गळ्यात पडायच्या, मी त्यांना चहा विचारायचे. तुझी मामी म्हणाली, वन्संना धक्का बसलाय. धक्काबिक्का काही नाही. आत कुणी नसल्यासारखं झालं होतं. अजून तसंच आहे." इतकं सलग ती त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा बोलली. मला वाटलं, झालं, एवढंच होतं. जीव भांड्यात पडल्यासारखं झालं. पण तिचं संपलं नव्हतं.

"हे सारखे विचारत होते, सुमी निघाली का. मंगळवारी मी सांगून टाकलं, निघालीय म्हणून. काय सांगणार? त्यांना बरं वाटलं. जरा पेज प्याले. गुरुवारी सकाळी म्हणाले, आज पोचेल ती. दादाला मुंबईला पाठव गाडी घेऊन, तिला एकटीने टॅक्सीने येऊ देऊ नकोस. दादा म्हणाला, पाठवतो कुणाला तरी. नाही म्हणाले, तूच जा. हट्टच धरला. मग दादा किल्ली घेऊन निघाला त्यांच्या देखत."

"कुठे गेला?"

"कुठे जाणार? खाली आवारात गाडीत बसून राहिला. वर येता येईना त्याला. समोर दिसला तर विचारतील ना, गेला का नाहीस. मला वरून खिडकीतून गाडीचं टप दिसत होतं. आणि पाच वाजता हे गेले. मी नर्सला सांगितलं, खाली पांढऱ्या गाडीत माझा मुलगा बसलाय, त्याला बोलवा."

या ठिकाणी मी रडले, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही रडले. हातातला कप न पिता खाली ठेवला. आईने तिच्या कपातला चहा संपवला आणि माझाही संपवला. मग डब्यातून दोन पोळ्या काढल्या, तव्यावर गरम केल्या, चटणी घेतली आणि उभ्याउभ्याच दोन्ही खाल्ल्या. मी मोजल्या नाहीत, पण लक्षात राहिल्यात.

त्या वाफ्याचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. हरणांसाठी म्हणून त्याच आठवड्यात युनिव्हर्सिटीने माझ्या वाफ्याभोवती आठ फुटी जाळी ठोकली. आई ती बघून म्हणाली, "हे कुणासाठी गं?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी." तिला फार हसू आलं. आणि जाळीच्या आत चौथ्या दिवशी त्या राखलेल्या कळ्या उमलल्या. सगळ्याच्या सगळ्या. मी सॅम्पल घेतला. माझं काम चार दिवस थांबलं, आणि कुणाचं काहीही बिघडलं नाही. कुणी विचारलंसुद्धा नाही. थांबता येत होतं. त्या बर्फातही काम थांबवून जाता आलं असतं. हे मला जाळीशी उभं राहून कळलं आणि गेली चार वर्षं ते घशाशी येऊन बसलंय, ना खाली जातं ना वर येतं.

पण त्या सकाळी मला हे अजून कळायचं होतं. आईच्या पोळ्या खाऊन झाल्या तेव्हा सांगलीत संध्याकाळ असणार होती. मी परदेशी बोलायचं मोजक्या मिनिटांचं फोनकार्ड काढलं, नंबर फिरवला. दादाने उचलला.

"काय गं, आई बरी आहे ना?"

"बरी आहे. दादा, माझा व्हिसा संपला नव्हता. मी येऊ शकत होते. मी खोटं सांगितलं तुला."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. तो कुणीतरी बारीक केला.

"दादा, किती वेळ बसला होतास तू गाडीत?"

कार्डावरच्या बाईचा आवाज मधेच म्हणाला की आता थोडीच मिनिटं उरली आहेत. मग दादा म्हणाला, "बारापासून. उन्हात गाडी तापली होती. थोडा वेळ रेडिओ लावला." मग म्हणाला, "मला वाटायचं, तू खरंच कुठेतरी अडकलीयस. तुझंच वाईट वाटायचं मला."

मी म्हटलं, शिव्या दे मला. दे ना. तो म्हणाला, "शिव्या देऊन काय होणारे." आणि मग त्याने विचारलं, "आई जेवते का?"

"आज दोन पोळ्या खाल्ल्या."

"बरं झालं," तो म्हणाला. नाक ओढल्याचा आवाज आला. "सुमे, पुढच्या वेळी खरंच ये."

"येते," मी म्हणाले. पुढची वेळ म्हणजे कुणाची, ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. ती माझ्या पाठीशी उभी राहून तवा घासत होती.